मास्तरांच्या गाडीतला दुसरा ब्रेक

गावातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवली ती मास्तरांनी, आणि उरलेल्या निम्म्यांची शिकायची हौस त्यांचं ओरडणं ऐकूनच फिटली. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी गाडी छपरावरच्या लाल पाटीसकट सगळ्यांच्या ओळखीची. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढे, पायाशी, आणखी एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला. तिथे मास्तर बसत आणि प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी तेच सांगत, "घाबरायचं नाही. मी बसलोय ना शेजारी."

मास्तर दारूच्या थेंबाला शिवत नसत, आणि ही गोष्ट ते कुणाला विसरूही देत नसत. सणासुदीच्या सुट्ट्या जवळ आल्या की वर्गात त्यांचं भाषण ठरलेलं असे. "प्यायचीच असेल तर चावी बायकोकडे द्या आणि घरी बसा!" स्वतःच्या बायकोला मात्र त्यांनी कधी चावीला हात लावू दिला नव्हता. "तुझ्याच्यानं नाही व्हायचं," एवढ्यावर तो विषय मिटला होता. दोघं कुठे निघाली की ती त्या शेजारच्या सीटवर पाय चोरून, गुडघे एका बाजूला वळवून बसे. चुकून चपलेचं टोक त्या ब्रेकला लागलं तरी मास्तरांचा पारा चढे.

त्या दिवशी सुट्टीचं जेवण तिच्या भावाकडे होतं. मास्तरांच्या कमरेत सकाळपासून उसण भरली होती. पाटावरून उठताना कळ आली, तसं मेव्हण्यानं कपाटातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "घ्या दाजी. माझी कमर तर या गोळीनं लगेच सुटली."

बायकोनं पाकीट उलटून पाहिलं. "अहो, यावर लिहिलंय, गोळी घेतल्यावर गाडी चालवू नये."

"दारू आहे का ती?" असं म्हणून मास्तरांनी सगळ्यांदेखत गोळी गिळली आणि उरलेलं पाकीट खिशात टाकलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

निघेपर्यंत कमर खरंच हलकी झाली होती. डोकंही हलकं झालं होतं, पण ते भरपेट जेवणामुळे, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. बाजाराचा रस्ता माणसांनी फुलला होता. भर दुपारीही दुकानांवरच्या दिव्यांच्या माळा चालू होत्या आणि मास्तरांना त्या जरा जास्तच लुकलुकताना दिसत होत्या.

"डोळे जड झालेत तुमचे," बायको म्हणाली. "थांबा ना जरा. चहा घेऊ."

"गाडी मी चालवतोय ना? मग गप्प बस."

पुढचं त्यांना नीट आठवत नाही. त्यांच्या मते पापणी नुसती लवली. गाडी गचकन थांबली, पट्टा छातीत रुतला, इंजिन आचके देऊन बंद पडलं. मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा पाय ब्रेकवर नव्हताच. शेजारच्या ब्रेकवर मात्र बायकोचे दोन्ही पाय होते, सगळं अंग मागे रेलून दाबलेले.

"कितीदा सांगितलं, तिथे पाय लावायचा नाही म्हणून!" ते खेकसले.

ती समोर बघत होती, म्हणून त्यांनीही समोर पाहिलं.

बॉनेटला खेटून रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर एक बाई उभी होती, नातवाला कडेवर घट्ट धरून. ती पलीकडच्या गल्लीतली शिवणकाम करणारी टेलरबाई, मास्तरांकडेच गाडी शिकलेली. बघता बघता लोक जमले. "मास्तरांना सुट्टी चढली वाटतं!" कुणीतरी ओरडलं.

मास्तर दाराला धरून खाली उतरले. "मी घेत नाही," ते म्हणाले. जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत गुंतून बाहेर आले. गर्दीत हशा पिकला.

टेलरबाई हसली नाही आणि चिडलीही नाही. "मास्तर, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघायचं, हे तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली. "मी नेहमी बघते. आज तुमची गाडी दिसली, म्हणून बघितलंच नाही."

तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मास्तरांना तोंड लपवायला जागा उरली नाही.

लोकांनीच गाडी कडेला ढकलली. मास्तरांनी न मागता चावी बायकोच्या हातात ठेवली आणि दोघं पायी घरी निघाली. मागे ती लाल पाटी, तिच्यावर त्यांचं नाव, आणि येणारा-जाणारा ते वाचत होता. पोर वाचलं याचा आनंदसुद्धा त्यांना धड होईना, कारण त्यात त्यांचा काही वाटा नव्हता. ज्या पायांनी वाचवलं, त्यांच्यावरच ते खेकसले होते. गर्दीचं हसणं एकवेळ विसरता आलं असतं. टेलरबाईचं ते वाक्य मात्र जेवताना घासाबरोबर तोंडात फिरत राहिलं.

त्यांनी वर्ग काही दिवस बंद ठेवला. बायकोचा शिकाऊ परवाना हातात आला, त्या सकाळी ते तिला मोकळ्या मैदानावर घेऊन गेले आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसले. ती स्टिअरिंगपुढे बसली. त्या गाडीत तिचे पाय पहिल्यांदाच सरळ होते. हातांनी मात्र स्टिअरिंग आवळून धरलं होतं.

मास्तर सवयीनं म्हणायला गेले, "घाबरायचं नाही. मी बसलोय..." आणि मध्येच थांबले. त्यांनी आपल्या पायाशी असलेल्या त्या ब्रेककडे पाहिलं.

"आज गोळी घेतलेली नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे. पाकीट माझ्याकडे आहे," ती म्हणाली आणि तिनं चावी फिरवली.