वर्दी देणारे बापू

कुणाच्या आवारात ट्रकचा धक्का लागून काही मोडले, तर बापू इंजिन बंद करून खाली उतरत आणि त्या जागेचा धनी भेटेपर्यंत तेथून हलत नसत. मोडलेली वस्तू फाटकाची बिजागरी आहे, भिंतीचा कोपरा आहे की नुसती कुंडी आहे, याला त्यांच्या लेखी महत्त्व नव्हते. "धक्का मी दिलाय. ह्यो गाडीचा नंबर, ह्ये माजं नाव, लिवून घ्या," एवढी वर्दी दिली की त्यांचा चेहरा मोकळा होई. मग ते कचेरीत येऊन तेच मला पुन्हा सांगत. मालवाहतुकीच्या त्या कचेरीत मी दिवाणजी होतो आणि गाड्यांच्या नुकसानीची नोंदवही माझ्या ताब्यात असे.

गेल्या महिन्यात शिवाजी पेठेतल्या एका तालमीत बापूंची शोकसभा झाली. तेथे एका वक्त्याने ठणकावून सांगितले की, उभ्या आयुष्यात बापूंच्या गाडीने कुठे साधा ओरखडाही काढला नाही. हे धादांत खोटे आहे. ओरखडे निघाले, आणि ते मी माझ्या हाताने लिहिले आहेत. अरुंद फाटकातून दहाचाकी गाडी मागे घेताना ते प्रत्येकाच्या हातून निघतात. बापूंचा मोठेपणा ते न निघण्यात नव्हता. तसा तो होता असे सांगणे म्हणजे त्या माणसाने जन्मभर जे केले, ते भरसभेत पुसून टाकणे होय.

इतर चालक त्यांना 'वर्दी बापू' म्हणत. त्यात कौतुक नव्हते. दगडू नावाचा एक तोंडाळ चालक तर रोज त्यांची वाट पाहत बसे. "काय बापू, आज कुणाच्या भिताडाला हळद लावून आला?" असे तो विचारी. बापू शांतपणे म्हणत, "लावली की. तूबी लावतोस. तू अक्षता पडायच्या आत पळून येतोस, एवढंच." दगडूचा युक्तिवाद मात्र सगळ्यांना पटलेला होता, हेही नमूद केले पाहिजे. तो म्हणे, "रस्त्यावर ठोकलं तर पोलीस हाय, पंचनामा हाय. आत कुणाच्या आवारात काय हाय? त्यांचं आवार, त्यांचा वॉचमन, त्यांनीच बगायचं. किरकोळाची वर्दी द्यायची म्हंजे आपल्या हातानं आपली नोकरी घालवायची."

यावर बापूंनी दिलेले उत्तर मला शब्दशः आठवते. "रस्ता सरकारचा हाय, तितं सरकार बगतंय. आवार एका माणसाचं असतंय. त्याच्या बाजूनं बोलणारा मोडणाऱ्याबिगर दुसरा कोण हाय सांग की." दगडू हसला. मीही हसलो होतो, हे येथे लपवत नाही.

राजारामपुरीत एकदा फरशा उतरवताना त्यांच्या गाडीच्या मागच्या फाळक्याने तळमजल्यावरच्या एका घराच्या छज्ज्याची कड उडवली. घरमालक दुपारचे झोपले होते. बापू जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. पुढचा माल कागलला खोळंबला, म्हणून मी फोनवर ओरडलो. पलीकडून दबक्या आवाजात उत्तर आले, "हळू बोला दिवाणजी, धनी झोपल्यात. झोपलेल्या माणसाला कसं सांगू?" चार वाजता धनी उठले आणि आपण होऊन गुन्हा कबूल करणारा चालक दारू प्यायलेलाच असणार, असे त्यांनी ठरवून टाकले. बापूंनी तोंड उघडून पुढे केले. "हुंगा की पावणं," ते म्हणाले. त्या गृहस्थांनी खरोखरच हुंगले.

दुसरा प्रसंग कागलजवळच्या एका फाउंड्रीतला. तेथे शेडच्या लोखंडी खांबाला गाडी टेकली. व्यवस्थापकाने येऊन पाहिले आणि म्हणाला, "रंग गेलाय नुसता, जावा तुम्ही." बापू गेले नाहीत. खांब खालून कुणीतरी तपासल्याशिवाय आपण जाणार नाही, असे ते धरून बसले. अखेर फिटर आला, आणि खांबाच्या बुडाचे दोन बोल्ट तुटलेले निघाले. अर्धा दिवस ती शेड रिकामी करून काम बंद ठेवावे लागले. त्या शेडखाली रोज वीसेक माणसे वावरत होती, तेव्हा कुणी त्यांचे आभार मानले असतील असे वाचकांना वाटेल. त्या संध्याकाळी व्यवस्थापकाचा मला फोन आला, तो 'हा कटकट्या ड्रायव्हर पुन्हा पाठवू नका' हे सांगण्यासाठी.

आता त्यांना कामावरून काढले कशामुळे, याविषयी. आजही लोक सांगतात की बापूंची नजर गेली होती. हेही खोटे आहे. त्यांची नजर ठीक असल्याचा डोळ्यांच्या तपासणीचा दाखला महिनाभर आधीच आला होता. मीच तो फायलीला लावला. खरे कारण माझी नोंदवही हे आहे. धाकटे मालक शिकून आले आणि कारभार पाहू लागले. कोणता चालक किती नुकसान करतो, याची त्यांनी संगणकावर यादी केली. सर्वांत वर बापूंचे नाव आले. दगडूचे नाव तळाला, जवळजवळ कोरे. धाकट्या मालकांनी मला विचारले, "दिवाणजी, ही नोंद बरोबर आहे?" मी ताठ मानेने म्हणालो, "माझ्या वहीत चूक नसते."

चूक नव्हतीच. फक्त त्या वहीत नुकसान करणाऱ्यांची नावे नव्हती. नुकसान सांगणाऱ्यांची होती, आणि सांगणारा एकच होता. हे वाक्य मी तेव्हा बोललो नाही. मला ते विचारले नव्हते, असे मी पुढे बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो. मालकांनी वहीवर शंका घेतली याचा मला राग आला होता. त्या रागापुढे मला दुसरे काही दिसले नाही.

शेवटच्या दिवशी किल्ल्या ठेवायला आले तेव्हाही बापूंकडे एक वर्दी होती. "काल कागलात पशुखाद्याच्या दुकानामागं गाडी लावताना त्यांच्या पान्याच्या टाकीची तोटी मोडली. मालक लग्नाला गेलते, रातीपातूर थांबलो, कुणीच आलं न्हाई. फोन करून सांगा आन् लिवून ठेवा." मी वही मिटली. म्हणालो, "बापू, आता तुमच्या नावावर एक ओळही वाढू देणार नाही." ते किल्ल्या टेबलावर ठेवून निघून गेले. त्यांना ते पटले असे मी समजलो. फोनही मी केला नाही.

पंधरा दिवसांनी ते माझ्या दारात उभे होते. आत या म्हटले, तर आले नाहीत. पायांतल्या चपलाही काढल्या नाहीत. नवी तोटी घेऊन ते स्वतः कागलला जाऊन आले होते. दुकानदाराने तोटी मोडल्याचा आळ आपल्या हमालावर घेतला होता आणि त्याला कामावरून काढून टाकले होते. बापूंनी खरे सांगितल्यावर तो हमालाला परत बोलवायला तयार झाला. पण हमाल खोली सोडून बायकोपोरांसह निघून गेला होता.

"तोटी मी मोडली आन् काम त्या गड्याचं गेलं," बापू म्हणाले. "एक फोन करायचा हुता, दिवाणजी."

"मी ते तुमच्यासाठीच केले," मी म्हणालो.

"माज्यासाठी केलंसा व्हय? मग मला इचारायचं हुतं."

त्यानंतर ते मला रस्त्यात दिसत. मान हलवत आणि पुढे जात. आठवड्यातून दोनदा एसटीने कागलला जाऊन ते बाजारात त्या हमालाचा तपास करत, असे मला दुसऱ्यांकडून कळे. शोकसभेत कुणी म्हणाले की तो सीमेपलीकडे निपाणीत सापडला. दगडू म्हणाला, कधीच सापडला नाही. बापूंविषयी लोक बोलतात त्यातली प्रत्येक चूक मी दाखवून देऊ शकतो. एवढ्या एका गोष्टीत मला दोघांपैकी कुणालाही खोटे पाडता आले नाही. ज्या माणसाने तीस वर्षे मला सगळे येऊन सांगितले, त्याने हे मला सांगितले नव्हते.