हिरव्या वर्दीवरचं रक्त

विजयमाला शेडगेला आपल्या मुलाचा दोष तो पाच वर्षांचा असतानाच कळला होता आणि तिनं तो सतरा वर्षं नवऱ्यापासून, कृष्णातपासून, लपवला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं जे घडलं त्याबद्दल कामोठ्यातल्या त्यांच्या सोसायटीनं एकट्या कृष्णातला राक्षस ठरवलं, आणि तो हिशेब मला अर्धवट वाटतो.

बालवाडीत शिवतेजनं झाड काढलं. खोड हिरवं, पानं तपकिरी. बाई हसल्या, बाकीच्या आया हसल्या. विजयमाला हसली नाही, कारण तिनं हे आधी पाहिलं होतं. तिचे वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडी होते. टोमॅटोच्या पाट्या उतरवायचे. पिकलेला कुठला आणि कच्चा कुठला, हे त्यांना कधीच उमगलं नाही. लोक मुद्दाम हिरवा टोमॅटो हातात देऊन म्हणायचे, "बघा मामा, कसा लालभडक!" आणि मामा म्हणायचे, "हां, लालच की." शेवटी ते कांद्याच्या गाळ्यावर गेले. हा दोष बापाकडून लेकीकडे आणि लेकीकडून नातवाकडे जातो, मधल्या लेकीला काही होत नाही, ती नुसती पोचवते. हे तिला पुढं एका डॉक्टरनं समजावून सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन तोंड शिवून टाकलं.

कृष्णात तेव्हा घरी नव्हताच. सैन्यात नर्सिंग असिस्टंट म्हणून तो भरती झाला, उत्तरेतल्या एका सैनिकी वैद्यकीय शाळेत शिकला आणि नोकरीची शेवटची नऊ वर्षं त्याच शाळेत उस्ताद झाला. वर्षातून दोनदा घरी यायचा, तेव्हाही अर्धा तिथंच असायचा. निवृत्त होऊन कामोठ्याला आला तो ती शाळा बरोबर घेऊनच. सोसायटीशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पत्रा टाकून त्यानं भरतीसाठी पोरं तयार करायची अकादमी काढली. विजयमालाच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्या प्लॉटवर उघडते.

नव्या तुकडीला पहिल्या दिवशी धावणं नाही, दंड नाहीत. उन्हात उभं राहून शाळेचा इतिहास ऐकायचा. विजयमालाला तो भाकऱ्या थापता थापता पाठ झाला होता.

"आमची शाळा तंबूत निघाली," कृष्णात सुरू करायचा. "डॉक्टर एक, स्ट्रेचर दोन. आणि शिकायला कोण आले? न्हावी, आचारी आणि खेचरं हाकणारे. का? कारण डॉक्टर मागं असायचा आणि गोळी पुढं लागायची. मधल्या वाटेत माणूस मरायचा. त्या मधल्या वाटेवर उभं राहायला कुणी नव्हतं. तिथं उभं राहणारा माणूस तयार करायचा, म्हणून शाळा. कळलं?"

"हो, उस्ताद!"

"मग शाळेचं काम काय? तू सांग, ऋषी."

"जीव वाचवणं, उस्ताद."

"चूक. पन्नास बैठका काढ. जीव वाचवायला वर देव बसलाय, त्याला पगार नाही पण काम तेच. आपलं काम सैन्याचं बळ राखणं. उद्या पुन्हा बंदूक धरेल तो आधी. महिन्यानं धरेल तो नंतर. कधीच धरणार नाही, त्याचा हात दाबायचा, रामराम म्हणायचं आणि पुढं सरकायचं. मागं वळून बघणाऱ्यानं बँकेत नोकरी करावी."

मग यायची ती हकीकत. कुठल्याशा लढाईच्या वेळी शाळेवर घाई आली. नऊ महिन्यांचं शिक्षण अकरा आठवड्यांत उरकलं. एका उस्तादानं दोन कच्ची पोरं दया येऊन पास केली. त्यातल्या एकाच्या हाताखाली एका रात्रीत सात जवान गेले, सगळे वाचण्यासारखे. "नापास करणारा उस्ताद शिव्या खातो," कृष्णात म्हणायचा. "दया करणारा खून करतो. शाळेच्या भिंतीवर सगळ्या उस्तादांची नावं आहेत, त्याचं नाही." यातलं खरं किती आणि कृष्णातनं घातलेलं किती, ते देव जाणे. पण तो जगायचा त्यावरच.

घरातही तेच. एकदा कढई कलंडून विजयमालाच्या मनगटावर तेल सांडलं. ती किंचाळली. कृष्णात आला, वाकून पाहिलं, म्हणाला, "हिरवं कार्ड," आणि पेपर वाचायला बसला. लढाईत जखमींच्या अंगावर रंगीत कार्डं लावतात, लाल म्हणजे ताबडतोब, हिरवं म्हणजे थांबेल. ओरडणारा माणूस श्वास घेत असतो, म्हणून तो थांबू शकतो. पंचवीस वर्षांच्या संसारात तिच्या वाट्याला दुसरं कार्ड आलं नाही.

अशा माणसाच्या घरात शिवतेज वाढला. बाप त्याला पाहुण्यांपुढे "आमचं हे" म्हणायचा. त्या बापानं मान वर करून बघावं असं दार एकच होतं, ती शाळा. पोराला हे कळत होतं आणि पोराच्या आईला त्याहून जास्त. शिवाय पोरगं हुशार होतं. शरीरातली प्रत्येक धमनी त्याला ठाऊक, हात हलका, पट्टी बांधली की सुटायची नाही. अडलं होतं ते भरतीच्या वैद्यकीय तपासणीतल्या ठिपक्यांच्या पुस्तकापाशी. त्यात रंगीत ठिपक्यांत आकडा लपवलेला असतो. आपल्याला दिसतो, शिवतेजला नुसते ठिपके.

नेरूळच्या एका चष्म्याच्या दुकानात गीतांजली नावाची ओळखीची मुलगी कामाला होती. विजयमालानं तिच्याकडून पानापानाचे फोटो काढून घेतले आणि पोराला आकडे घोकायला बसवलं. पानं उलटसुलट दाखवतात, म्हणून क्रम पाठ करून भागत नाही. "हे बघ, खाली कोपऱ्यात मोठा ठिपका एकटाच. म्हणजे?" "चौऱ्याहत्तर." "इथं कडेला तीन बारके चिकटलेत. म्हणजे?" "सहा, मम्मी." कृष्णात प्लॉटवर असला की तीन वर्षं हे चाललं होतं. बावीस संपायला आलं, ही भरती हुकली की वय जाणार होतं. दौड झाली, लेखी झाली. फक्त वैद्यकीय उरली.

वैद्यकीयच्या दोन आठवडे आधी, एका रविवारी, कृष्णातनं लुटुपुटीची लढाई लावली. जुन्या हिरव्या वर्द्या घालून पोरं पडली. रक्त विजयमालानंच करून दिलं होतं, कॉर्नफ्लॉवर, लाल रंग आणि चिमूटभर कॉफी. ऋषीच्या मांडीवर वाटीभर ओतलेलं. शिवतेज त्याच्या अंगावरून धावत पुढं गेला. चार पावलांवर थबकला, परत आला, हातानं चाचपलं आणि मग बांधलं. बाकीच्यांना वाटलं, घाईत चुकला. कृष्णात काही बोलला नाही.

काही बोलला नाही, म्हणून विजयमालाची पाचावर धारण बसली.

बुधवारी जेवताना तो म्हणाला, "तुझा बाप टोमॅटो उतरवायचा ना गं?"

"हो."

"मग कांद्यावर का गेला?"

"कांद्याला काम जास्त असतं."

"असंय होय?" म्हणून त्यानं आमटी ओरपली. शिवतेज ताटाकडे बघत बसला.

पुढच्या रविवारी कृष्णातनं तिच्याकडून रक्त तेवढं मागून नेलं, मांडणी स्वतः केली. ऋषी आणि सौरभ, दोघं हिरव्या वर्दीत उताणे. "दोघं बेशुद्ध. हूं का चूं करायचं नाही." सगळी तुकडी कडेला उभी केली आणि शिवतेजला हातमोजे चढवायला लावले. "एकाचं रक्त वाहतंय. रक्त थांबवायची दोरी एकच. तीस सेकंद. चल."

सगळ्यांना दिसत होतं. ऋषीच्या दंडापासून कोपरापर्यंत लालभडक थारोळं होतं. सौरभची मांडी नुसती पाण्यानं भिजवलेली. शिवतेजला दोन्हीकडे काळपट डागच दिसत होते. त्यानं सौरभच्या मांडीला हात लावला, ओलं लागलं. बसला गुडघ्यावर आणि दोरी आवळली. अशी आवळली की सौरभ कळवळला.

"वेळ?"

"बावीस सेकंद, उस्ताद."

"झकास! असं कुणी बांधत नाही तुमच्यात. बघून घ्या सगळ्यांनी."

दिवाळे गावचा तेजस, कोळ्याचं सरळ पोरगं, त्याला राहवलं नाही. "उस्ताद, पन त्यावं तं पानी हाय!"

पोरं हसली. आधी दोघं, मग सगळी. शिवतेज गुडघ्यावरच होता. त्यानं हातमोजा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. खिडकीतून विजयमालानं ते पाहिलं आणि ती चप्पल न घालता बाहेर धावली.

"ऋषी," कृष्णात म्हणाला, "तू किती वेळ वाहतोयस?"

"सुरुवातीपास्नं, उस्ताद."

"मग मेलास. ऊठ, आंघोळ कर जा."

"अहो, पुरे करा," विजयमाला म्हणाली.

"ये, तू पण ये. तुला माहीत होतं?"

"पप्पा, तिला काही—"

"उस्ताद म्हण."

"उस्ताद."

"किती वर्षं माहीत होतं?" कृष्णातनं बायकोला विचारलं. वीस पोरं ऐकत होती.

"सतरा," ती म्हणाली.

संध्याकाळी तिला वाटलं, आता हा पट्टा काढणार. तो शांतपणे चहा प्याला. "आकडे पाठ आहेत ना?" त्यानं शिवतेजला विचारलं. "मग जा. पास होशील. मी कुणाला सांगणार नाही."

विजयमालानं सुटकेचा निःश्वास टाकला. तिला ती दया वाटली. इतक्या वर्षांत नवऱ्याला ओळखलं नाही म्हणायचं, दुसरं काय.

"फक्त एक सांग," कृष्णात पुढं म्हणाला. "ऋषीचंही झालंय भरतीत. उद्या तो कुठल्यातरी उतारावर हिरव्या कपड्यांत पडला, तर त्याच्या आईला तू चालशील का?"

"सैन्यात काय हा एकटाच असतो?" ती तडकली. "दुसरा कुणी बघेल की."

"मधल्या वाटेवर एकटाच असतो." तो उठला. "आणि मेलेल्याच्या आईला तू सांगायला जा, विजे. तुझ्या बापाचं दान आहे ते."

वैद्यकीयच्या दिवशी ती पोराबरोबर गेली. बसमध्ये सगळी वाट मोबाइलवर पानं दाखवत राहिली. एकही आकडा चुकला नाही. फाटकाबाहेर बाकीच्या पोरांचे बाप उभे होते, त्यांच्यात जाऊन उभी राहिली. लोकांची पोरं दोन दोन तासांनी बाहेर येत होती. शिवतेज अर्ध्या तासात आला.

"काय रे? एवढ्यात झालं?"

"पहिलंच पान चौऱ्याहत्तरचं होतं, मम्मी."

"मग?"

"दिसत नाही म्हणालो."

तिनं त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. मग दुसरी. "दिसत नाही? पाठ होतं ना तुला? पाठ होतं ना?" एका पोराचा बाप मधे पडला, "अहो ताई, असू द्या," तर त्यालाही तिनं झिडकारलं. मान खाली घालून शिवतेजनं मार खाल्ला आणि मग एवढंच म्हणाला, "तुला दिसतात ना आकडे? तूच हो भरती."

दोघं कामोठ्याला परतली.

कृष्णात प्लॉटवरच होता. "कितव्या पानाला सांगितलंस?"

"पहिल्याच."

कृष्णातनं मान हलवली. विजयमाला दाराशी उभी होती. निदान आता तरी हा माणूस पोराच्या खांद्यावर हात ठेवेल, शाळेला शोभेल असं वागलास म्हणेल, असं तिला वाटलं. पोरालाही वाटलं असणार. तो तसाच पुढं होऊन उभा होता.

"उद्यापासून तू तुकडीत नाहीस," कृष्णात म्हणाला. "तुकडी भरतीवाल्यांची आहे."

"मग मी काय करू?"

"सौरभ कंटाळलाय पडून पडून. तू पड."

आणि शिवतेज पडायला लागला. का, ते त्याचं त्याला माहीत. घरातून निघून जाता आलं असतं, बी.एस्सी. होता, औषधांच्या दुकानात कुणीही घेतलं असतं. पण रोज सकाळी सहाला तो जुनी वर्दी चढवून प्लॉटवर जातो, बाप दाखवेल तिथं उताणा होतो, आणि त्याच्याहून कच्ची पोरं त्याच्यावर हात साफ करून भरतीला जातात. ऋषीही भरती होऊन गेला. हे चालू होऊन आता पाच महिने झाले.

परवा तेजसची पाळी होती. शिवतेजच्या दंडाला लुटुपुटीची जखम होती, आणि गडी दोरी घेऊन कोपराखाली आवळायला बसला. अशानं वरून येणारं रक्त थांबत नाही, हात मात्र जातो.

"वर घे," शिवतेज डोळे मिटूनच पुटपुटला. "जखमेच्या दोन बोटं वर."

"कं बोल्लास रं?"

"मेलेला बोलत नाही," मागून कृष्णात म्हणाला. "तेजस, तू बांध. बांधलंस तिथंच. चुकलास तर मी सांगीन."

त्यानं सांगितलं नाही. तेजसनं दोरी पिळली, दोरीत अडकवलेली काठी फिरवली, पुन्हा फिरवली. शिवतेजनं तोंड मिटून घेतलं. विजयमाला खिडकीत उभी होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, प्लॉट काही लांब नाही. पोराची बोटं निळी पडेपर्यंत ती बघत राहिली. मग कुकरची शिटी झाली, आणि ती आत वळली.