दारचं पपनस

दादा, मी जर्मनीला निघाले त्या सकाळी तू ताम्हिणीच्या घराच्या पायरीवर मास्क लावून उभा होतास, माझ्यापासून चांगला लांब. आईची किडनी तुझ्या पोटात बसून वर्ष झालं होतं. हिंजवडीच्या कंपन्यांची माणसं कॅबमधून पोचवणारा तू, सख्ख्या बहिणीला मात्र एअरपोर्टवर सोडू शकत नव्हतास. आईनं माझ्या तळहातावर दही ठेवलं आणि तुलाच दटावलं, "तू लांब ऱ्हा. डाक्टर काय म्हनलाय? गर्दी न्हाई, बाहेरचं खानं न्हाई." तू हसलास, "आता काय बहिनीला बी घाबरू?" घाट संपेपर्यंत मी रडत होते. घर सुटल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त तुझ्या जिवाची धास्ती होती.

इथं मी काय करते, हे तू दर फोनला विचारतोस आणि यीस्ट म्हटलं की "म्हंजी पावाचा कारखाना?" म्हणून खिदळतोस. तर मेल्या, आता नीट ऐक. तू सकाळ-संध्याकाळ घेतोस ते औषध पेशीत शिरून एका छोट्या प्रथिनाला चिकटतं आणि ती जोडी पेशीतली एक कळ बंद पाडते. म्हणून आईची किडनी परकी आहे अशी बोंब तुझं शरीर मारत नाही. तीच कळ यीस्टमध्येही आहे. फार मिठात जगायला त्याला ती लागते. मी लॅबमध्ये खारट खाद्याच्या चपट्या प्लेटवर यीस्ट पेरते, औषध घालते आणि बघत बसते. ज्यातलं ते छोटं प्रथिन काढून टाकलंय, ते यीस्ट औषधाला भीक घालत नाही, मस्त वाढतं. बाकीच्यांची प्लेट कोरी. माझी सुपरवायझर म्हणते, ब्यूटिफुल! मला मात्र कोरी प्लेट पाहिली की धस्स होतं. औषध कमी पडलं तर शरीर किडनी नाकारणार, जास्त झालं तर औषधच किडनी खाणार. माझा भाऊ रोज त्या मधल्या चिंचोळ्या बांधावरून चालतोय आणि मी इथं ग्लोव्ह्ज घालून बसलेय.

मागच्या महिन्यात आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी लॅबमध्येच होते. "पोरी, ह्याचं हात लई कापत्यात गं. चहाचा कप बी धरता येईना."

औषध रक्तात वाढलं की हात असे कापतात. गोळी चुकून जास्त घेतली का, विचारलं. न्हाई म्हणाली. मग बाहेरचं काही खाल्लं? त्यावर आई चिडलीच. "बाहेरचं? अगं, दारच्या पपनसाबिगर दुसरं फळ देत न्हाई मी त्याला. गरम पाण्यानं हात धुवून, सोलून देते रोज!"

पपनस! ग्रेपफ्रूट अजिबात नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तेव्हा आपण तिघंही हसलो होतो. असलं साहेबाचं फळ ताम्हिणीत कोण आणणार? त्याचा भाऊबंद आपल्याच दारात लगडून उभा होता. पोटात औषध मोडून काढणारी जी यंत्रणा असते, तिलाच हे फळ लुळं करतं. गोळी तेवढीच, पण रक्तात भलतीच चढते. मी ओरडले, "आई, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने त्याला! पपनसाचं सांग तिथं."

मग तुमची रेंज गेली. मी इनक्युबेटरपाशी स्टूल ओढून बसले. समोर माझ्याच हातच्या कोऱ्या प्लेटा. देवा, एवढी किडनी राहू दे, दुसरी द्यायला आईकडं आता नाही, एवढंच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी तुझाच फोन. "औषध लई चढलं व्हतं म्हनं. गोळी थांबवलीया, पुन्यांदा रक्त तपासनार हायेत. किडनी वाचली." मी सगळ्या लॅबसमोर हमसून हमसून रडले.

आई कोयता घेऊन झाडाकडं निघाली, तर तू आडवा गेलास. "झाडानं काय केलंय? तुझी लेक येईल तवा खाईल की." झाड आहे अजून. पण फोन वाजला की आधी वाईटच मनात येतं, आणि घर मागं ठेवून इथं आलेल्या सगळ्यांचं तेच आहे. घर म्हटलं की आता मला डोंगर आठवत नाही, अंगण आठवत नाही. मी फोन उचलते, नमस्कार-चमत्कार सोडून आधी म्हणते, "हात दाखव." तू शिव्या देत चहाचा भरलेला कप कॅमेऱ्यासमोर धरतोस. चहा हलत नाही. मग मी विचारते, कसा आहेस?