आठवड्याच्या आत

माझ्या आईच्या बोटांना चटका बसत नाही, याचा आमच्या घरात मोठा अभिमान होता. लालबागच्या चाळीत आमची खानावळ होती. कोकणातून एकटे आलेले, गिरणीत काम करणारे वीसेक गडी आमच्या दोन खोल्यांत आळीपाळीने जेवत. आई शेगडीच्या निखाऱ्यांवर फुगलेली भाकरी नुसत्या बोटांनी उचलून ताटात टाकी. बोटांवर आलेले फोड तिला संध्याकाळी, भांडी घासताना दिसत. जेवायला येणारा एक जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, म्हणे, "मावशे, तुझो हात लोखंडाचो गे!" पंगत हसे. आईही हसे. मीही.

फोड दुखत कसे नाहीत, असा प्रश्न कुणालाच पडला नाही.

दुपारी ती डब्यांची पाटी डोक्यावर घेऊन गिरणीच्या फाटकाशी जाई. मान खाली घातली की पाठीतून पायांपर्यंत विजेसारखे काही उतरते, असे ती एकदा म्हणाली; वडिलांनी वाताचे तेल आणून दिले. पुढे तिची चाल अवघडली, जिना उतरताना ती कठडा धरू लागली, आणि एके सकाळी तिला स्वतःच्या चोळीचा हूक लावता येईना. मी लावून दिला. मी तेव्हा कॉलेजात जात होते. "तू शिक," म्हणून तिने मला चुलीपाशी कधी बसू दिले नव्हते. तिच्यासाठी मी केलेले बहुधा ते पहिलेच काम.

परळच्या एका इस्पितळात मीच तिला नेले. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, तर पाय नको इतका उसळला. डोळे मिटायला लावून त्यांनी गरम आणि थंड पाण्याच्या काचनळ्या तिच्या बोटांना लावल्या. आई म्हणाली, "दोनय सारखीच." मी शिकलेली दिसले, म्हणून ते माझ्याशी इंग्रजीत बोलले. मानेच्या मणक्यांमधली चकती सरकून मज्जारज्जूवर दाबते आहे. डोक्यावरचे ओझे आजपासून बंद. आठवड्याच्या आत दाखल करा. दाबलेला मज्जारज्जू मोकळा करता येतो, मेलेला उठवता येत नाही. आई बाकावर बसून आळीपाळीने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत होती.

संध्याकाळी घर भरलेले होते. संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. सत्याग्रहींच्या तुकड्या निघत आणि त्यांच्या शिदोरीच्या भाकऱ्या आमच्याकडून जात. वडिलांनी सगळ्यांदेखत विचारले, "काय म्हणालो डाक्टर?"

"ऑपरेशन करूक व्हया. दाखल करा म्हणाले."

"कधी?"

पंधरा-वीस पुरुष माझ्याकडे पाहू लागले. मला त्यांच्यासमोर पाणी मागतानाही संकोच वाटे.

"लवकर," मी म्हणाले.

जॉबरने ताटावरून मान वर केली. "मुंबय मेळूच्या आदी मावशी झोपली, तर आमी उपाशीच तुरुंगात जावचां काय?" सगळे खदखदले. वडील म्हणाले, "ही तुकडी जावंदे. मगे बघू." आईने होकार दिला. तिने नको म्हणायला हवे होते, असे मी पुढे स्वतःला पुष्कळदा समजावून पाहिले. पण तिला ठाऊक काय होते?

त्या तुकडीमागून दुसरी गेली. पाटी मी नेते, एवढेही मला म्हणता आले नाही. फाटकाशी पुरुषांची गर्दी असे.

दीड महिन्यांनी ती मोरीत पडली आणि तिला उठता येईना. लुगडे ओले झालेले तिला कळलेही नव्हते. चौघांनी तिला खुर्चीत बसवून जिना उतरवला. त्यांत जॉबरही होता, हे नमूद केले पाहिजे. मानेच्या मागून हाड कापून मज्जारज्जूला जागा करून दिली गेली. डॉक्टरांनी मला ओळखले, पण ते माझ्याशी बोलले नाहीत. नर्सला सूचना देऊन निघून गेले.

काही महिन्यांनी पाय ओढत, भिंत धरून ती मोरीपर्यंत जाऊ लागली. हात मात्र परत आले नाहीत. खानावळ मोडली. मी तिला भरवत असे. वडिलांना ते बाईमाणसाचे काम वाटे.

राज्य झाले तेव्हा जॉबर पेढे घेऊन आला. "तुझ्या भाकऱ्यांवर राज्य इलां, मावशे!" वडिलांचा ऊर भरून आला. दोघेही मिरवणुकीला गेले. मी भाताचा घास पुढे केला, तेव्हा आईने विचारले, "त्या डाक्टरान तुका इंग्रजीत काय सांगितलेलां?"

खोटे बोलायलाही धैर्य लागते. "आठवड्याच्या आत आणा, म्हणून."



"म्हणजे तुका म्हायत होतां."

तो घास तिने घेतला नाही. ओठ मिटून भिंतीकडे तोंड केले. भात वाळला, मी ताट उचलले.

दुसऱ्या दिवशी घेतला. भरवणारे दुसरे कोणी नव्हते.