ताकावरचा चाफा

आज सुनेने आंबट ताक मोरीत ओतलं आणि त्या वासाने मी पिंप्राळ्याच्या सासरच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

साल पासष्ट-सहासष्ट असेल. आईने मालवणहून दिलेलं सोनचाफ्याचं रोप तिथल्या काळ्या मातीत रुजेना. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मोठ्या जाऊबाई, आमच्या अक्का, येता-जाता म्हणायच्या, "तुनं झाड आठे जगाव नही. आखाजीले उपटी टाकसू." झाडाच्या नावाने बोलणी मला होती. नशिराबादहून दूध घालायला येणाऱ्या बाईने हळूच सांगितलं, याला आंबट ताक पाज. अक्कांकडे मागायची सोय नव्हती. मग हिवाळ्यापासून माझ्या वाटचं ताक चाफ्याला घातलं आणि भाकरी कोरडी गिळली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सकाळी पहिलं फूल उमललं. अक्का शिरपूरला माहेरी निघाल्या होत्या. नवं लुगडं, तेल चोपडलेला अंबाडा. वासाने पायरीवरच थबकल्या.

"ते फूल माले दे ना वं."

एवढा गोड आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मी फूल तोडलं आणि त्यांच्या देखत माझ्या अंबाड्यात खोवलं. "उपटायच्या झाडाचं फूल कसं माळणार, अक्का?"

त्यांचा उतरलेला चेहरा पाहून पोटात गार वाटलं. तेव्हा वाटलं, फिटलं. कसलं फिटतंय! पुढे दर उन्हाळ्यात गल्लीभर फुलं वाटली, अक्कांना एक नाही.

त्या गेल्या तेव्हा मात्र तिरडीसाठी टोपली भरून दिली. माणसं म्हणाली, केवढं मोठं मन हिचं. आता त्यांना वास येणार नव्हता, म्हणून दिली.