पाद्री कुणाच्या दारी जाईल

पूर्वी आमच्या बेटावरच्या या गावात पाद्री काळा झगा घालून धक्क्यावरून वर निघाला, की बायका हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहायच्या. बोलायचं नाही, हाक मारायची नाही, नुसतं बघायचं. तो ज्या दारावरून पुढे जाई तिथली बाई सुटकेनं मटकन खाली बसायची. ज्या दाराशी थांबे तिथली उभीच राहायची. जहाज खाडीत शिरतानाच अर्ध्यावर आणलेला झेंडा गावानं पाहिलेला असे. कुणीतरी गेलं, एवढंच झेंडा सांगायचा. कोण, ते पाद्रीचे पाय सांगायचे.

सुन्निवाच्या दाराशी ते पाय थांबले तेव्हा तिला शाळेतही घातलं नव्हतं. बाप ‘टेर्ना’वर होता. दोन डोलकाठ्यांची लाकडी स्कूनर, तेव्हा ग्रीनलंडच्या पाण्यात कॉड मासा धरायला जायची. पाद्रीनं खाली वाकून या पोरीलाच विचारलं, “आई घरात आहे का?” आई तिच्या पाठीशीच उभी होती, लोकर पिंजायचा फणा हातात धरून. “त्याला आईकडे बघवेना,” सुन्निवा मला म्हणाली होती. “म्हणून माझ्याकडे बघत बोलला. मला वाटलं, माझ्याकडेच काम आहे त्याचं.”

पुढे आम्ही दोघी मासळीच्या कारखान्यात एकाच टेबलाला सुऱ्या घेऊन उभ्या राहिलो. संप केले. ओरडायचं काम माझं. सुन्निवानं एक घोषणा कधी दिली नाही, पण पहाटे गेटवर सगळ्यांत आधी ती, कॉफीची किटली घेऊन. लग्न केलं तिनं. नवरा डेन्मार्कला पूल बांधायला गेला आणि पुलापलीकडेच राहिला. मूल नाही. आई गेली. मग मालकानं कारखान्याला कुलूप घातलं. मी त्याच्याशी भांडत बसले, आणि ही गुपचूप जाऊन ‘टेर्ना’वर स्वयंपाकीण म्हणून लागली.

‘टेर्ना’चं तोवर पर्यटनाचं जहाज झालं होतं. नवी शिडं, नवा रंग, आणि मासळीच्या कोठारात पाहुण्यांचे बिछाने. जर्मन, डच, डॅनिश लोक आठवडाभर बेटांच्या कडेकडेनं हिंडायला येतात, पक्ष्यांनी भरलेले उंच कडे बघतात, हवा बरी असली तर शेटलंड बेटांपर्यंत जातात. थंडीत कुडकुडत शिडाच्या दोऱ्या ओढतात आणि खूश होतात. आमच्या बापजाद्यांना मजुरी मिळत असूनही जे काम नकोसं वाटायचं, ते हे लोक पदरचे पैसे देऊन करतात. करोत बापडे. गावात दुसरं काम राहिलंय कुठलं.

गाव बोललंच. “बापाला गिळलं त्या जहाजाचं पोट भरायला निघाली बघा.”

सुन्निवा म्हणाली, “जहाजानं कुठं गिळलं? जहाज तर परत आलं.”

त्या जहाजाच्या पोटात, उभं राहिलं तर डोकं आपटेल अशा खोपटात ती रांधते. वाऱ्यावर वाळवलेल्या मटणाचं सूप पहिल्या दिवशी पाहुणे नाक मुरडत दूर सारतात आणि चौथ्या दिवशी भांडं पुसून खातात. रात्री तिच्याजवळ बसून घरची दुखणी सांगतात. कुणाचा घटस्फोट, कुणाचा रुसलेला मुलगा. ही बटाटे सोलत ऐकते. शनिवारी सकाळी सगळी तिच्या गळ्यात पडतात, पत्र लिहू म्हणतात. शनिवारी संध्याकाळी नवी माणसं येतात आणि तिचं नाव विचारतात.

मधल्या त्या दुपारी ती माझ्याकडे यायची. माझा थोरला, हाकुन, त्याच जहाजावर खलाशी, त्यामुळे बोलायला विषय असायचा. एकदा रुबार्बच्या आंबट देठांच्या मुरंब्याचा चमचा चाटत म्हणाली, “माझं काही बरंवाईट झालं तर त्या बिचाऱ्या पाद्रीबुवांची पंचाईत होईल.”

“का गं?”

“जातील कुणाच्या दारी?”

“माझ्या दारी येतील. त्यात काय.”

“तुझ्या नको. तू त्यांच्यावरच ओरडशील.”

“ओरडेन. मालकावर ओरडले, मंत्र्यावर ओरडले, पाद्री कोण लागून गेला?”

ती हसली नाही. “थट्टा नाही करत. ते थांबल्यावर उभं राहणारं कुणीतरी हवं. तू हाकुनसाठी उभी असशील. माझं नाव ऐकलंस की बसशील.”

मला संताप आला. इतक्या वर्षांचं एक टेबल, एक किटली, आणि माझ्याच घरात बसून मला हे सांगते. मी म्हटलं, “माझा मुरंबा खाऊन मलाच शहाणपण शिकवू नकोस.” तिनं बशी धुतली, पालथी घातली आणि निघून गेली.

संत ओलावच्या उन्हाळी सणाला तरणी माणसं सगळी राजधानीला जातात. गावात आम्ही म्हातारे आणि आमची मेंढरं. त्या वर्षी सणाच्या दुपारी मी खिडकीशी बसले होते. ‘टेर्ना’ खाडीच्या तोंडाशी दिसली. झेंडा अर्ध्यावर.

पायांत चपला होत्या की नव्हत्या, आठवत नाही. धक्क्यावर पोचले तर निम्मं गाव आलेलं. कुणी सणाच्या कपड्यांत, कुणी गोठ्यातल्या बुटांत. कुणी फोन लावत होतं, तिकडे इंजिनाच्या आवाजात कुणी उचलेना. पाद्री आस्मुंड धावत आला, झग्याची बटणं लावत. उत्तरेकडच्या बेटावरचा पोरगा, गेल्याच वर्षी इथं नेमलेला. जहाजावर गावातली चार माणसं हे त्याला ठाऊक होतं. तीन दारं त्याला माहीत होती. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “सुन्निवाचं कोण आहे?”

माझे डोळे जहाजावर होते.

सुकाणूवर कप्तान टाइटुर दिसला. माझ्या शेजारी त्याची आई होती, तिनं तोंडावर हात घेतला. मग जहाजाच्या पुढच्या टोकाला दोरखंड घेतलेला, गावातलाच पोरगेला खलाशी मोर्तन दिसला. मग डोलकाठीच्या आडून लाल टोपी आली. हाकुनची. माझ्या हातची.

मी खाली बसले. दोरखंड बांधायचा लोखंडी खुंटा होता, त्याच्यावर बसले. मागं कुणीतरी मोठा श्वास सोडला. ज्याचं त्याचं माणूस ज्याला त्याला दिसलं होतं. दिसत नव्हती ती एकटी स्वयंपाकीण. ‘अरेरे, सुन्निवा’ असं कुणी तोंडानं म्हटलं नाही. पण धक्का सैलावला तो मला कळला, त्यात मीही होते.

आणि सुन्निवा बाहेर आली. डेकवरचं झाकण उघडून आधी बादली, मग ती. बटाट्याची सालं समुद्रात फेकायला आली होती. तिनं धक्क्यावर गाव बघितलं, पाद्री बघितला, मान वर करून झेंडा बघितला. बादली खाली ठेवली. लहानपणी जिच्या दाराशी पाद्री थांबला होता त्या पोरीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जहाज धक्क्याला लागलं. टाइटुर वरूनच हात जोडून सांगू लागला, “कुणाला काही नाही झालं. सण म्हणून झेंडा चढवत होतो. या पाहुण्यांनी हौसेनं दोरी ओढली, ती कप्पीत अडकली. ना वर जाते, ना खाली येते.” मागं उंचापुरा डच पाहुणा लाजून उभा. त्याच्या बायकोला वाटलं आम्ही स्वागताला जमलोय, ती हात हलवत होती. आमच्यातल्या एका म्हातारीनंही हलवला. काय करणार.

लोक हसले, आपापल्या माणसाला शिव्या दिल्या, मिठ्या मारल्या. सुन्निवा फळीवरून खाली आली.

“कोण गेलं होतं?” तिनं विचारलं.

जो तो आपल्या माणसाच्या पिशव्या उचलू लागला.

“म्हणजे मीच की.” मग माझ्याकडे बघितलं. मी अजून खुंट्यावर. “बसलीस तू.”

मी उठले.

ती आस्मुंडकडे वळली. “पाद्रीबुवा, कुणाच्या दारी निघाला होतात?”

पोरगा खोटं बोलला नाही. “तेच विचारत होतो.”

“माझ्याच दारी जा.”

“पण घरात कुणी नसतं ना.”

“म्हणूनच सांगते. वाजवा आणि जरा थांबा. त्या दारावर कुणीतरी येऊन गेलं असं व्हायला हवं.” आणि बादली उचलताना म्हणाली, “आधी थोडा सराव करा. चढ आहे. ऐन वेळी दम लागेल.”

गावानं ते हसण्यावारी नेलं. आस्मुंडनं नेलं नाही. ‘टेर्ना’ पाण्यात असली की आठवड्यातून एकदा तो चढ चढून तिच्या दारी जातो. दार वाजवतो, टोपी काढून उभा राहतो, परत येतो. पहिल्यांदा लोक म्हणाले, नव्या पाद्रीचं डोकं फिरलं. मीही म्हटलं. आता माझ्या खिडकीतून तो दिसला की मी हातातली सुई खाली ठेवते. बंद दार, पडदे ओढलेले, आणि बाहेर एक माणूस उत्तराची वाट बघत उभा.

जहाज परत येतं तेव्हा मी धक्क्यावर असते. हाकुन दिसला तरी बसत नाही. शेवटचं माणूस उतरेपर्यंत उभी असते. सुन्निवा ते बघते की नाही, मी विचारलेलं नाही. माझ्याकडे ती अजून येते, कॉफी घेते, पण दाराच्या गोष्टी काढत नाही.

उतरली की ती आधी आस्मुंडला गाठते.

“गेला होतात?”

“गेलो होतो.”

“आतून कुणी बोललं?”

“नाही.”

“मग सगळं ठीक आहे. म्हणजे मी अजून इकडेच आहे,” ती म्हणते, आणि पिशवी खांद्याला लावून एकटीच चढाला लागते.