खंडेनवमीचं कुंकू

ओल्या कोब्यावरून डिझेलचा वास आला की पाथर्डी रस्त्यावरचा तो पेट्रोल पंप आठवतो. दर खंडेनवमीला तिथले काळे डाग मी सोडा टाकून तारेच्या ब्रशनं घासायचो आणि बायको पाणी ओतायची. त्या वर्षी मालकानं प्रेशर मशीनवालाही बोलावला. त्याच्या पाण्याची जोरदार धार फिरेल तिथं कोबा पांढराशुभ्र निघत गेला. बायको हरखून त्याला म्हणाली, “लई भारी हाय वो तुमचं मशीन!” माझ्या घासण्याला ती असं कधी म्हणाली नव्हती. मग हत्यारांची पूजा झाली, तेव्हा तिनं हसत हसत आधी त्याच्या मशीनला कुंकू लावलं. माझा ब्रश बादलीतच राहिला. आता माझंही मशीन आहे. दर खंडेनवमीला ती त्याला कुंकू लावते आणि मी तिचं तोंड निरखत बसतो. हसते ती, पण तेवढं नाही.